पेजमेकरची फाईल पीडीएफ करून सगळ्यांना पाठवायचीय, पण अक्षरं बदलतायत

पूर्वभाग_सोलापूर :
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाची ४८ पानी स्मरणिका काढतोय, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी छापून हातात पाहिजे. मजकूर सगळा पेजमेकर ७ मध्ये (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) श्रीलिपीच्या मराठी फाँटात जुळवून झालाय, साखर पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडं. आता कमिटीतले निम्मे लोक भिवंडीला, काही सुरतेला, त्यांना छापायच्या आधी एकदा वाचायला द्यायचंय. नुसती पेजमेकरची फाईल मेल केली तर कुणाकडंच उघडेना. मग त्या पोरानं पीडीएफ करून दिली, ती त्याच्या मशीनवर झकास दिसतीय आणि माझ्या मोबाईलवर अध्यक्षीय मनोगताच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर असलं कायबाय. वर आणि दोन पानं तेलुगूत आहेत, एका गुरुजींनी वर्डमध्ये टाईप करून दिलीत, ती पेजमेकरात टाकली की नुसती प्रश्नचिन्हं येतात. प्रेसवाला म्हणतो ओपन फाईल नको, पीडीएफच द्या. मशीन विंडोज एक्सपीचं आहे. एकच पीडीएफ सगळीकडं चालेल का कसं करू?

बिनधास्त_७० :
प्रिंटला जाऊन मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ सिलेक्ट करा, झालं की. एवढं काय त्यात.

ऑफसेट_काका :
बिनधास्तराव, एक्सपीत ते नसतंय, विंडोज १० पासून आलं ते.

पूर्वभाग, तुमचा सगळा घोळ फाँटचा आहे. श्रीलिपीचे जुने फाँट युनिकोड (सगळीकडं एकच कोड चालणारे) नाहीत. फाईलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फाँट त्याच्यावर मराठी आकार चढवतो. त्या पोराच्या मशीनवर फाँट टाकलेला आहे म्हणून तिथं बरोबर दिसतंय, पीडीएफच्या पोटात मात्र तो गेलेलाच नाही, त्यामुळं तुमचा मोबाईल हाताला लागेल तो इंग्रजी फाँट लावून मोकळा होतो. म्हणून पीडीएफ ज्या मशीनवर जुळणी झाली तिथंच करायची आणि फाँट एम्बेड करूनच, म्हणजे पीडीएफच्या आत बसवूनच करायची.

आता कशी. ॲक्रोबॅट आणि डिस्टिलर (ॲडोबीची पीडीएफ करायची सॉफ्टवेअरं) असेल तर पेजमेकरच्या प्रिंटमध्ये प्रिंटर आणि पीपीडी (प्रिंटरच्या माहितीची फाईल) दोन्ही डिस्टिलरचं निवडा, मग ऑप्शन्समध्ये जाऊन 'राईट पोस्टस्क्रिप्ट टू फाईल' ला टिक आणि डाऊनलोड फाँट्सच्या जागी 'पोस्टस्क्रिप्ट अँड ट्रूटाईप'. हे राहिलं की पुढं कितीही डोकं आपटा, उपयोग नाही. पीएस (पोस्टस्क्रिप्ट) फाईल तयार झाली की डिस्टिलर उघडायचा, सेटिंगमध्ये फाँट्स टॅबला 'एम्बेड ऑल फाँट्स' ला टिक, आणि त्याच्याच खाली 'व्हेन एम्बेडिंग फेल्स' असतं तिथं कॅन्सल जॉब ठेवायचं. बरेच जण तिथं इग्नोर ठेवतात, मग पीडीएफ गुपचूप बनते आणि गोंधळ थेट गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर कळतो. कॅन्सल असलं की डिस्टिलर तिथंच अडून बसतो आणि कुठला फाँट नडतोय ते लॉगमध्ये सांगतो. ॲडोबी पीडीएफ प्रिंटर वापरत असाल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिलाय ऑन सिस्टीम फाँट्स ओन्ली' असली एक टिक असते ती काढा.

झाल्यावर रीडरमध्ये उघडून कंट्रोल डी दाबा, फाँट्स टॅब बघा. प्रत्येक नावापुढं एम्बेडेड किंवा एम्बेडेड सबसेट (वापरलेली अक्षरंच आत बसवलेली) लिहिलेलं पाहिजे. ज्याच्यापुढं नाही तो फाँट दुसरीकडं दगा देणार.

कोरल_किंग :
काय बे एवढा उपद्व्याप. कोरलमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) घ्यायचं, सगळं सिलेक्ट, कंट्रोल क्यू, कर्व्ह झालं, म्हणजे अक्षरांची चित्रंच झाली. फाँटची कटकटच संपली. लग्नपत्रिका, फ्लेक्स सगळं आम्ही असंच पाठवतो.

ऑफसेट_काका :
पत्रिकेला ठीक हो. ४८ पानांचा मजकूर कर्व्ह केल्यावर भिवंडीवाल्यांनी एक वेलांटी चुकली म्हणून सांगितलं तर काय करणार? शिवाय बारीक टाईप कर्व्ह केला की स्क्रीनवर जाड दिसतो, मग लोक विचारत बसतात बोल्ड का केलं म्हणून.

प्रूफवाली_मावशी :
मी मुद्रितशोधन करते म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूनं सांगते. दोन पीडीएफ करा. कमिटीला जाणारी हलकी, फोटो १५० डीपीआयपर्यंत (इंचाला १५० ठिपके) उतरवलेले, पानं एकापुढं एक. पेजमेकरच्या प्लगइन्समधलं बिल्ड बुकलेट (छपाईसाठी पानं जोडीनं लावणारं) वापरलेली फाईल चुकूनही त्यांना देऊ नका, त्यात ४८ आणि १ पान शेजारी येतं आणि म्हातारी मंडळी मजकूर कुठं गेला म्हणून फोनवर फोन करतात. पान जुळवायचं काम प्रेसचं, ते आपल्या मशीनप्रमाणं लावून घेतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, पानांचे फोटो काढून नको, आणि दुरुस्त्या पान नंबर, परिच्छेद, ओळ अशा लिहून मागवा. "मधल्या पानावर ते चुकलंय" असल्या मेसेजनी जीव जातो!

आणि एक, फाँट एम्बेड झाला तरी या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की कचराच येणार, नाव टाकून सर्च केलं तरी सापडणार नाही. वाचायला अडचण नाही, पण वाचनालयाच्या साईटवर कायमची ठेवायची असेल तर मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास नको, जोडाक्षरं आणि रफार परत वाचावेच लागतात.

ऑफसेट_काका :
मावशी बरोबर बोलल्या. प्रेसची पीडीएफ वेगळी. फोटो ३०० डीपीआय, कव्हर सीएमवायकेमध्ये (छपाईचे चार रंग), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर जास्तीचा भाग), आतली पानं एकरंगी असतील तर फोटो ग्रेस्केल आणि अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर. डिस्टिलरमध्ये पीडीएफ एक्स १ए सेटिंग असेल तर प्रेसला विचारून तेच लावा, त्यात फाँट आत असावेच लागतात आणि आरजीबी (स्क्रीनचे रंग) चालत नाही. पीडीएफ करण्याआधी पेजमेकरात लिंक्स मॅनेजर उघडून बघा, फोटोची लिंक तुटली असेल तर स्क्रीनवरचं धूसर चित्रच छापलं जातं. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो तर आधी तपासाच, ९०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला तीनच इंच बसतो, तुम्ही तो अर्धं पान भरून लावला असणार.

तेलुगूचं म्हणाल तर पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, २००१ चं सॉफ्टवेअर ते, त्याच्यापुढं व्हर्जनच आलं नाही. गुरुजींची दोन पानं वर्डमधूनच, पण स्मरणिकेच्याच साईझची आणि त्याच मार्जिनची करून, पीडीएफ करा आणि नंतर पीडीएफसॅमसारख्या फुकट टूलनं जागेवर घाला. पेजमेकरात तेवढी दोन पानं कोरी सोडा म्हणजे पुढचे नंबर हलणार नाहीत, जोडताना ती कोरी पानं काढून टाका.

पीएमडी (पेजमेकरची मूळ) फाईलसुद्धा जपा पण तिच्या भरवशावर राहू नका, ॲडोबीचंच पानं जुळवायचं नवं सॉफ्टवेअर इनडिझाईन सीएस६ व्हर्जनपर्यंत पेजमेकरची फाईल उघडायचं, पुढच्या सीसी व्हर्जनपासून तेही बंद केलं.

पूर्वभाग_सोलापूर :
काका, मावशी, लई आभार. आज डीटीपीवाल्याकडं बसून काकांनी सांगितलं तसंच केलं. मजकुराचा फाँट एम्बेडेड सबसेट दाखवतोय, मोबाईलवर मनोगत नीट वाचता येतंय. पण कॅन्सल जॉब ठेवल्यावर डिस्टिलर आधी अडलाच. हेडिंगला पोरानं कुठनं तरी उतरवलेला एक नक्षीदार फाँट वापरलाय, लॉगमध्ये लायसन्समुळं एम्बेड करता येत नाही असं काहीतरी आलं. तेवढी हेडिंगं साध्या श्रीलिपीत करून पीडीएफ काढली तर झाली, पण अध्यक्षांना तेच नक्षीदार पाहिजे.

ऑफसेट_काका :
काही फाँटांत बनवणाऱ्यानंच एम्बेड करायला मनाई घातलेली असते, डिस्टिलर ती पाळतो. त्या फाँटचं लायसन्स छपाईला चालतं का ते आधी बघा. चालत असेल तर तेवढ्या हेडिंगपुरतं कोरल_किंगचं ऐका, कोरलात हेडिंग टाईप करून कर्व्ह करायचं, ईपीएस (छपाईला चालणारी चित्राची फाईल) काढून पेजमेकरात प्लेस करायचं. मजकुराला हात लावू नका.

कोरल_किंग :
आलात ना शेवटी कंट्रोल क्यू वर 😄 ईपीएस काढताना रंग फक्त काळा ठेवा, चार रंगांचा काळा गेला तर एकरंगी पानावर चार प्लेटा निघतील.