‘प्रमाण’ आणि ‘आप्त’: मिठापासून बाबावाक्यापर्यंत

ऐरोलीकर:
काल लेकीला म्हटलं, मीठ प्रमाणात घाल. ती म्हणते, आजीच्या ‘बाबा वाक्यं प्रमाणम्’मध्ये किती चमचे असतात? मला उत्तर सुचेना. शब्द एकच आहे की दोन?

तलावपाळी:
एकच. संस्कृतात ‘मा’ म्हणजे मोजणे. मान, परिमाण, अनुमान, उपमान ही सगळी त्याच घरातली. ज्याने मोजायचं ते प्रमाण, आणि ज्याने जाणायचं तेही प्रमाण. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनात, जाणण्याची अशी मापं चार: प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं), अनुमान (खुणेवरून ताडलेलं), उपमान (सारखेपणावरून ओळखलेलं), शब्द (भरवशाच्या माणसाने सांगितलेलं). बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने पहिली दोनच ठेवली. चार्वाक तर एकट्या प्रत्यक्षावर अडून बसले. अनुमानाचं ठरलेलं उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसला, तर तिथे आग आहे. तुम्हाला पारसिकचा डोंगर रोज दिसत असेल.

ऐरोलीकर:
दिसतो की. दगडखाणी चालू होत्या तेव्हा धुळीचे लोट उठायचे आणि आमचे बाबा म्हणायचे, वणवा लागला!

तलावपाळी:
मग तो हेत्वाभास, म्हणजे फसवं कारण. खूण धुरासारखी, पण धूर नव्हेच.

कळव्याची काकू:
मला चौथ्या मापाबद्दल बोलायचंय. शब्द कोणाचा? तर आप्ताचा. आणि न्यायातला आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. जसं आहे तसं जाणणारा आणि तसंच सांगणारा. आपण मराठीत त्याला आप्तेष्टांच्या पंगतीत नेऊन बसवलं. मागे घरच्या ग्रुपवर दिरांनी टाकलं, ‘उद्या दिवसभर पाणी नाही’. मी पिंप भरलं, बालद्या भरल्या, कुकर आणि पुरणाचं पातेलंसुद्धा सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी नळ धो धो! मेसेज आदल्या उन्हाळ्यातला निघाला, वर तारीखच नव्हती. दीर आप्त खरेच, वाक्य मात्र आप्तवाक्य नव्हतं.

ऐरोलीकर:
काकू, पुरणाचं पातेलं! बरं, मग विश्वास, श्रद्धा आणि खात्री यांचं काय?

तलावपाळी:
क्रियापदं बघा. विश्वास बसतो, उडतो. श्रद्धा जडते, ढळते. खात्री मात्र करून घेता येते, त्यासाठी स्वतः उठावं लागतं. (हल्ली ‘मी त्याच्यावर विश्वास करतो’ ऐकू येतं. ती हिंदीची सावली, मला खटकते.)

कळव्याची काकू:
पण ‘श्रद्धा ठेवा’ म्हणतोच की आपण.

तलावपाळी:
म्हणतो. श्रद्धेतल्या ‘धा’चा अर्थच मुळी ठेवणे. पण ‘श्रद्धा करून घ्या’ म्हणून बघा बरं, जीभच वळत नाही.