मोआबजवळचा डेड हॉर्स पॉइंट: उंचीची भीती असणाऱ्याने इंट्रेपिड ट्रेलवर सायकल चालवावी का?

मैथिली_डेन्व्हर:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं युटातल्या मोआबला जातोय. नवरा पक्का रोड बाइकवाला, लेक चौदा वर्षांचा. मी कच्च्या रस्त्यांवर आरामात चालवते, दगडांवर मात्र फारशी सवय नाही. जो तो स्लिकरॉक ट्रेलचं नाव घेतो, पण तिथले चढउतार व्हिडिओत पाहूनच मी तो बेत सोडून दिला. डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्कमधले इंट्रेपिड ट्रेल त्या मानाने सोपे आहेत असं कळलं. पण ते मेसाच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या उंच पठाराच्या, कडेकडेने जातात म्हणे, आणि खाली कोलोरॅडो नदी दोन हजार फुटांवर! मला उंचीची भीती वाटते. चालवताना कडा किती जवळ येतो? कुठला लूप (फिरून परत सुरुवातीला येणारी वाट) घ्यावा? पाण्याची सोय आहे का?

वाळूचाक:
मैथिलीताई, बिनधास्त जा. मी ग्रँड जंक्शनला राहतो, घरी पाहुणे आले की त्यांना याच मेसावर घेऊन जातो. त्यामुळे घाबरत आलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत.

आधी कड्याचं सांगतो. वाट बहुतेक वेळ कड्यापासून आत, ज्युनिपर आणि पिन्यनच्या बुटक्या झाडांमधून जाते. काही ठिकाणी दरी जवळ येते, पण दृश्य बघायला बाजूला छोटे फाटे काढले आहेत. तिथे सायकल आडवी ठेवायची आणि चालत पुढे जायचं. मी सगळ्यांना एकच नियम घालून देतो: चाक फिरत असताना नजर वाटेवर, दरी बघायची तर दोन्ही पाय जमिनीवर. या ट्रेलवर घोटाळा होतो तो वाट अवघड म्हणून नाही, तर मान दरीकडे वळते आणि हँडल मानेच्या मागे जातं म्हणून. कठडे नाहीत, त्यामुळे फाट्यावर लेकाला जवळ ठेवा. तुम्ही स्वतः दहा पावलं मागे उभ्या राहिलात तरी ला साल पर्वत आणि दरीचा पलीकडचा काठ पूर्ण दिसतो.

लूप: इंट्रेपिड जेमतेम मैलभराचा, ग्रेट पिरॅमिड साधारण चार मैलांचा, बिग चीफ सुमारे नऊ. तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत आणि फाट्याफाट्यावर पाट्या आहेत. तुम्ही ग्रेट पिरॅमिड घ्या. अंगात जोर उरला तर बिग चीफवर वळा, नाहीतर परत. रस्त्याच्या पश्चिमेला व्हिपटेल वगैरे दुसरा गट आहे, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

पायाखाली काय असतं? लाल माती, मधेच वाळूचे पट्टे आणि सपाट खडकाचे तुकडे. कोरडा खडक काचकागदासारखा टायर धरून ठेवतो, त्याची भीती नको. घात वाळू करते. पट्टा दिसला की वजन थोडं मागे, हँडल सैल, आणि पेडल मारणं थांबवायचं नाही. पुढचा ब्रेक दाबलात तर चाक तिथेच रुततं. खडकाची छोटी पायरी आली की सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, नजर पायरीच्या पुढे. नाहीच जमलं तर उतरून ढकला, तिथे सगळेच ढकलतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. वाटेच्या दोन्ही बाजूंना मातीवर काळपट, फुगलेला, खडबडीत थर दिसेल. एकदा गुडघे टेकून नीट बघा: बोटभर उंचीचे बारीक मनोरे, टोकाला काळे, मधूनमधून दगडफुलासारखे ठिपके. तो थर जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूंचे चिकट धागे वाळूचा कण न् कण बांधून ठेवतात, पाणी धरतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. वाळवंटातली झाडं त्याच्या जिवावर उभी आहेत. त्यावर एक चाक गेलं की चुरा होतो आणि भरून यायला कित्येक दशकं जातात. समोरून कुणी आलं तर बाजूच्या मातीत चाक घालू नका, वाटेतच किंवा उघड्या खडकावर थांबा. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि पायी येणाऱ्याला सगळ्यांनीच. मुलाला हे आदल्या रात्री सांगा, वाटेवर उत्साहात ऐकू येत नाही.

खडकातल्या खळग्यांत पाणी साचलं असेल तर त्यातूनही चालवू नका. त्या चिमुकल्या डबक्यांत कोळंबीच्या जातीचे छोटे जीव असतात. पाणी आटलं तरी त्यांची अंडी चिखलात टिकून राहतात.

पाणी: मेसावर पाण्याचा झरा नाही, पार्कातलं पाणी टँकरने येतं. मोआबमध्येच सगळं भरून घ्या, माणशी तीन लिटर. ऑक्टोबर आहे म्हणून कमी नेऊ नका, कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतसुद्धा नाही.

चेनतेल:
वरचं सगळं बरोबर. सायकल भाड्याने घेणार असाल तर फक्त टायर ट्यूबलेस आणि आत सीलंट (पंक्चर आतून बुजवणारा द्रव) आहे ना, ते विचारा. मोआबच्या आसपास गोखरूचे काटे असतात आणि कॅक्टसचे काटे तर जागोजागी. रोड बाइकवाल्यांना टायर टणक लागतो. इथे हवा कमीच ठेवायची, नाहीतर खडकावर सायकल उडते आणि मनगटं भरून येतात. आकाशात ढग जमू लागले तर लगेच परता. सपाट मेसावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, विजेला तेवढं पुरतं.

मैथिली_डेन्व्हर:
खूप आभार! "दहा पावलं मागे" वाचून जिवात जीव आला. दोनच शंका. फोटोंमध्ये खाली भडक निळी तळी दिसतात, ती काय आहेत? आणि कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क शेजारीच आहे, तर लेकाला तिथल्या ट्रेलवरही सायकल चालवायचीय.

वाळूचाक:
ती पोटॅशची तळी. आपल्याकडे शेतात घालतात तेच पोटॅश. जमिनीखालच्या क्षारांच्या थरात नदीचं पाणी सोडतात, क्षार विरघळले की ते वर उपसून उन्हात वाळवतात. बाष्पीभवन लवकर व्हावं म्हणून निळा रंग टाकतात. ट्रेलला इंट्रेपिड हे नावही त्याच पोटॅश कंपनीवरून पडलं, पैशाची मदत तिने केली होती. पुष्कळांना त्या निळ्या रंगाने दृश्याचा विचका झाला असं वाटतं. मला तसं वाटत नाही, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

कॅन्यनलँड्समध्ये पायवाटांवर सायकलला बंदी आहे, फक्त रस्त्यांवर चालते. डेड हॉर्स पॉइंटवरून खाली पांढऱ्या कडेचा कच्चा रस्ता दिसेल, तो व्हाइट रिम. शंभर मैलांचा आहे आणि एका दिवसासाठी गेलात तरी परवाना काढावा लागतो. या खेपेला तो नको. लेकाची हौस दुसऱ्या दिवशी व्हिपटेलवर भागवा. तिथून शेफर कॅन्यनची बाजू दिसते, गर्दीही कमी लागते.

आणि डेड हॉर्स पार्कातसुद्धा पॉइंटच्या काठाने जाणाऱ्या पायवाटा फक्त चालण्यासाठी आहेत. गाडी व्हिजिटर सेंटरला लावा, सायकलचे ट्रेल तिथूनच सुटतात. त्या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. चारला सायकली गाडीवर चढवा, मग पॉइंटवर सावकाश चालत जा.