चर्चा : सोलापूरच्या उन्हात सगळ्यांनीच रोज चार लिटर पाणी प्यायचं?

कट्टेकरी : आमच्या ग्रुपवर चार लिटरचा फतवा निघालाय. मला तो पटत नाही. ‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ या जुन्या सल्ल्याचं मूळ 1945 च्या अमेरिकन शिफारशीत सांगतात. तिथे अडीच लिटर लिहिलं होतं, पण लगेच पुढे असंही होतं की यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं. तेवढंच सगळे विसरले. आमटी, ताक, कलिंगड कोण मोजतं? धडधाकट माणसाने तहान लागली की प्यावं, लघवी फिकट पिवळी असली की झालं.

मागवाला : मालक, तुमचं बसून काम दिसतंय. मे महिन्यात अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या पत्र्याखाली या की. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात, घाम वाळतच नाही. तहानेची वाट बघत बसलं तर माणूस आडवा होतो. अशा कामात दर 15-20 मिनिटांनी पेलाभर प्यायलाच पाहिजे. त्यात मुतखडा असेल तर दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी म्हणतात. मग चार लिटर जास्त कसं?

कट्टेकरी : तुम्हाला नाही हो जास्त. पण फतवा सगळ्यांना आहे.

सूनबाई : माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय, चहा-आमटी धरून. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ‘पाणी प्या, किडनी साफ होते’ म्हणत तांब्या पुढे करतो. हृदय कमजोर असलेल्यांनाही बरेचदा असंच मोजून असतं. फॉरवर्ड करणाऱ्यांना जास्त पाण्याने दम लागलेला पेशंट रात्री उठवून बसवावा लागत नाही.

विडीवाली : आमच्याकडं उलटंच. बाया पाणीच पीत नाहीत, कारण संडास लांब. मग लघवीला जळजळ. त्यांना ‘तहान लागल्यावर प्या’ सांगू नका, तहान मारायची सवयच झालीय. आणि नळ रोज कुठं येतो ओ इथं?

मागवाला : हेच म्हणतोय मी! कमी पिणारेच जास्त आहेत.

कट्टेकरी : असतील. पण एका दमात दोन-तीन लिटर ढोसू नका. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरच बाहेर टाकतात, त्यावर गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं. घामाने निथळताय तर ताकात मीठ घाला.

सूनबाई : बीपीवाल्यांनी मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर आता ताकाचा फतवा निघेल.