पाडव्याला अख्खं घर धुवायलाच पाहिजे का?

माळवदवाला: आमच्या गल्लीत सध्या जो तो घर धुवायलाय. पाइप लावून भिंती, जिना, ओटा, सगळं. का, तर पाडवा आला. अहो, मराठवाड्यात वर्षाची मोठी धुणी असते ती दसऱ्याची. आपण ‘दसरा काढतो’ तो उगाच नाही. पाऊस होऊन गेलेला असतो, ओढ्याला पाणी असतं, वाकळा धुऊन काठावर वाळत टाकता येतात. चैत्रात जाळी-जळमटं काढावीत, कोठ्या रिकाम्या करून ऊन द्यावं, बास. २०१६ साल आठवा. ८ एप्रिलला पाडवा झाला आणि १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा कुणी घरं धुतली? धुतल्याशिवाय घर स्वच्छ होत नाही, हा गैरसमजच आहे.

लातूरची_सून: भाऊ, मी तेव्हा लातुरातच होते. भांडी विसळलेलं पाणी संडासाला वापरायचो. घर घाणच होतं, त्याचं कौतुक नका सांगू. आणि दसरा काढतं कोण? दसऱ्याला सोयाबीन काढणीला आलेलं असतं, बाया दिवसभर रानात. चैत्रात तरी जरा उसंत असते. शिवाय तूर-हरभऱ्याच्या मळणीचं भुस्कट घरभर बसलेलं असतं. ते कोरड्या झाडूनं झाडलं की हवेत उडतं आणि तासाभरात परत खाली बसतं. घरात दम्याचं माणूस असेल तर बघायलाच नको. ओलं फडकं लागतंच. वरून खाली पुसत आलं तर दोन खोल्यांना एक बादली पुरते. पाइप मलाही पटत नाही.

माळवदवाला: मग आपलं भांडण कशावर आहे?

लातूरची_सून: ‘बास’ या शब्दावर.

शाळामास्तर_जालना: पाण्यापेक्षा जास्त नासाडी बाटल्यांनी होते. हल्ली खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सगळीकडे ओततात. फेस येतो, लोक खूश. तो फेस म्हणजे आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात त्यातून निघणारा वायू. मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. बोअरच्या पाण्यानं नळावर पांढरा थर बसतो, त्याला एकटं व्हिनेगर लावा, अर्धा तास ठेवा, सुटतो. सोडा तेलकट ओट्याला वेगळा वापरा.

आणि हात जोडून सांगतो, शहाबादी फरशीवर ॲसिड, लिंबू, व्हिनेगर काहीही नको. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडलं की जे फसफसतं तो मळ नाही, फरशीच विरघळते.

पाटील_प्रॅक्टिकल: मास्तर, आमच्या वाड्यात वडिलांपासून ॲसिडनंच शहाबादी धुतात. लख्ख निघते.

शाळामास्तर_जालना: निघणारच की, वरचा पापुद्रा गेला म्हटल्यावर. आता तिच्यावर चहा सांडून बघा. गुळगुळीतपणा गेलेली फरशी डाग लगेच धरते, मग तुम्ही परत ॲसिड आणता. त्याहून वाईट म्हणजे संडासाचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकाच वेळी टाकणं. ‘दोन्ही टाकलं की डबल साफ’ म्हणतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात जीव जाऊ शकतो.

पाटील_प्रॅक्टिकल: ब्लिचिंगचं मान्य. फरशीचं बघू.

नांदेडचा_भाडेकरू: ढेकणांसाठी गादी दिवसभर गच्चीवर टाकली तर पुरतं ना? आमच्याकडे चाळीसच्या वर पारा आहे.

लातूरची_सून: नाही पुरत. वरचं कापड तापतं, आतला कापूस नाही. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, शिवाय निम्मे पलंगाच्या फटीत आणि भिंतीच्या भेगांत असतात. फटीत उकळतं पाणी सोडा, भेगा बुजवा, चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवा. इथं पाणी लागतं हो, माळवदवाले भाऊ.

माळवदवाला: ढेकणांना सूट दिली. पण सोयाबीन आहे म्हणून वाकळा चैत्रात? पाणी टँकरचं, एक वाकळ किती पाणी पिते ठाऊक आहे ना? दिवाळीआधी धुवा.

लातूरची_सून: चालेल. पिळायला तुम्ही या. भिजलेली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही.

परभणीकर: मास्तर, आमच्या शहाबादीवर ॲसिडचे पांढरे चट्टे आधीच पडलेत. काही उपाय?

शाळामास्तर_जालना: पुसून जाणार नाहीत. फरशीवाल्याकडून मशीननं घासून परत पॉलिश करून घ्या. पुढं नुसतं पाणी, फार तर साधं साबणाचं पाणी.