तिसरी सही वेळेत घ्या

‘जुनी पिढी बदलायला तयार नसते, म्हणून घरचे धंदे बसतात’ असं नेहमी म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. आमची सांगलीत हळदीची अडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून द्यायचा धंदा. जवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, माल ठेवायची आजोबांची पद्धत. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली. त्यानंतर माल शीतगृहात ठेवायचं आजोबांनीच ठरवलं. भाड्यावरून कुरकुर केली ती वडिलांनी.

अडलं ते सहीपाशी. फर्ममध्ये भागीदार दोनच, आजोबा आणि वडील. आजोबा गेले आणि फर्मच संपली. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे, करारात तसं लिहिलं असेल तर एक भागीदार गेला तरी फर्म चालू राहते, पण मागे एकटाच उरला तर त्या ओळीचाही उपयोग नाही. ऐन हंगामात बँकेतलं खातं अडकलं, जीएसटी नोंदणी नव्याने करावी लागली आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, थकल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मुलगा असो की मुलगी, अठरा पूर्ण झाली की तिसरा भागीदार करून घ्या. आम्ही आता धाकट्या बहिणीला घेतलंय, सौद्याला तीच उभी राहते.