विषय: डिसेंबरात पुणे आणि मुलांच्या डिस्क

नमस्कार मंडळी,

शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन भारतात, कोथरूडला आईबाबांकडे चाललेय. दोघंही हल्ली डिस्क गोल्फने झपाटली आहेत; म्हणजे गोल्फच, पण चेंडूऐवजी चकती फेकून कमीत कमी फेकींत लक्ष्य गाठायचं. आपल्या मंडळाची सहल होते त्या इथल्या पार्कात शेडच्या मागे नऊ होलचा छोटा कोर्स आहे ना, तिथे शनिवारी सकाळी गेली की जेवायच्या वेळेपर्यंत परतायचं नाव नाही. आजी-आजोबांकडे टॅबलेट मागत बसण्यापेक्षा हे बरं, असं मनात आहे.

पुण्यात डिस्क पडायला साखळ्यांचं बास्केट लावलेली बाग कुठे आहे का? नसेल तर घडीचं बास्केट सामानात टाकू का? नवरा म्हणतो, तेवढ्या वजनात सगळ्यांच्या भेटवस्तू मावतात.

– पिकनिक समितीतली मी

---

कोथरूडहून, तुमचा माजी खजिनदार:

बास्केट आणू नकोस. नवऱ्याचं ऐक, भेटवस्तू आण.

आम्ही इथे महापालिकेच्या बागेत रविवारी सकाळी खेळतो. काही निवृत्त मंडळी, त्यांची नातवंडं आणि कॉलेजात अल्टिमेट (चकतीचा सांघिक खेळ) खेळणारी दोन पोरं. होल नऊ, बास्केट एकही नाही. झाडाच्या खोडाला एक सुतळी गुडघ्याच्या उंचीवर बांधायची, दुसरी छातीच्या. मधल्या पट्ट्यात डिस्क लागली की होल झालं. खेळ संपला की सुतळ्या सोडून खिशात. खिळा नाही, रंग नाही, पाटी तर नाहीच. बागेचा रखवालदार सुरुवातीला आमच्या मागे-मागे फिरायचा. हल्ली तो निकाल विचारतो.

यात कमीपणा काही नाही. लोक साखळ्यांच्या आधी झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे धरूनच खेळत. या खेळाचा जनक मानल्या जाणाऱ्या एड हेड्रिकने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात कोर्स आखला, तेव्हा तिथेही आधी नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नुसती घासून गेली, यावर वाद व्हायचे. बास्केटमध्ये पडली की वाद मिटतो. त्या बास्केटचं पेटंट १९७७चं. आमच्याकडे वाद मिटलेले नाहीत, पण ते मिटले असते तर निम्मी मंडळी यायचीच बंद झाली असती.

आता महत्त्वाचं. तिकडे कोर्स आखणाऱ्याला झाडी मिळते, उतार मिळतो, ओढा मिळतो. इथे बाग आधी चालणाऱ्यांची, मग आपली. कडेने चालायचा ट्रॅक, मध्ये हिरवळ, आणि सकाळी फाटक उघडलं की ट्रॅकवर वर्दळ. म्हणून होल कुठे घ्यायचं यापेक्षा कुठल्या दिशेने फेकायचं, हे आम्ही आधी ठरवलं. उजव्या हाताने बॅकहँड मारली, म्हणजे हाताची मागची बाजू पुढे ठेवून फेकली, की डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग ओसरला की हवा तिची पुढची कड उचलायला बघते, आणि फिरकीमुळे ते उचलणं डावीकडे कलण्यात निघतं. तेव्हा ट्रॅक उजव्या हाताला आणि हिरवळ डाव्या हाताला ठेवून बागेला फेरी घालायची. हातातून कशीही सुटलेली डिस्क शेवटी बहुधा आतच वळते, ट्रॅकवर जात नाही. सरळ उलट्या दिशेने आखला असता तर पहिल्याच रविवारी कोणाच्या तरी चष्म्याचे पैसे भरावे लागले असते.

म्हणजे आपली फेरी प्रदक्षिणेच्या उलट झाली. एका आजोबांनी यावर हरकत घेतली. बागेत देऊळ नाही, असं म्हटलं तर म्हणाले, "पिंपळ आहे ना." तेव्हापासून पिंपळाला आम्ही खेळात धरत नाही. वाट चार पावलं वाकडी करून त्याला फेरीच्या बाहेर ठेवतो.

मुलांच्या पिशवीतले ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, तिकडेच ठेव. १९८३ मध्ये डिस्कची कड निमुळती करायची युक्ती निघाली, तेव्हापासून डिस्क लांब जायला लागली. पण तीच कड घोट्यावर बसली की माणूस खाली बसतो. ड्रायव्हरला लांब मैदान लागतं. आमचं सगळ्यात लांब होल पंचेचाळीस मीटरचं. पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, जाड, बोथट कडेची असते, हळू जाते, आणि कोणी मध्ये आलंच तर "बाजूला!" ओरडायला वेळ मिळतो. माणशी एक पटर पुरते. प्रत्येक होलला पुढे एक जण उभा राहून ट्रॅकवर नजर ठेवतो. तो हात वर करेपर्यंत फेकायचं नाही, मग फेकणारा कितीही ताटकळत उभा असो. बाकी नियम तुमचेच: जो लांब तो आधी, जिथे डिस्क पडली तिथूनच पुढची फेक, आणि झाडापासून दहा मीटरच्या आत आलात की फेकून झाल्यावर तोल सावरून उभं राहायचं, पुढे धावत सुटायचं नाही. हा शेवटचा नियम नातवंडं पाळतात, आजोबा पाळत नाहीत.

पाचवं होल पारिजातकाचं. तिथे सकाळी एक आजी परडी घेऊन फुलं वेचत असतात, वाकून, अगदी एकेक. त्यांची परडी भरेपर्यंत आम्ही सहावं आणि सातवं खेळून घेतो, मग पाचव्याला परत येतो. गुणांची वही त्यामुळे वाचायला अवघड जाते. डिस्क फांदीत अडकली तर नियमाप्रमाणे तिच्या बरोब्बर खालून पुढची फेक. ती उतरवायला माळी आंबे काढायची आकडी देतो, पण झाड हलवू देत नाही. बरोबरच आहे.

टेकडीवर नेऊन खेळवायचं मात्र डोक्यातून काढ. वेताळ टेकडीवर वाटा अरुंद, उतारावर दगड, आणि घरंगळलेली डिस्क गिरिपुष्पाच्या जाळीत गेली की गेली. तीन मिनिटं शोधायची मुभा असते, तिथे तीन दिवस लागतील.

---

नाट्यविभागातली ताई:

हेड्रिकचं नाव निघालंच आहे म्हणून. ते २००२ मध्ये गेले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क तयार केल्या. आमच्या शेजाऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा माझा घास हातात राहिला. सासूबाईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे गेल्यावरही झाडावर अडकायचं?"

---

एक ज्येष्ठ सभासद, मूळचे सदाशिव पेठ:

सर्वांस सविनय.

वरील पत्रव्यवहार वाचला. माजी खजिनदारांनी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. आपल्या बागांत चेंडू खेळण्यास मनाई असल्याच्या पाट्या असतात. हिरवळीवर चालू नये, अशाही असतात. परदेशात राहिलं की पाट्या वाचायची सवय जाते, हे मी समजू शकतो; परंतु खजिनदार परत येऊन बरीच वर्षं झाली.

दुसरं, पुण्याला खेळ शिकवायला कोणी येऊ नये. बॅडमिंटनचे नियम १८७०च्या दशकात आमच्या लष्कर भागातल्या इंग्रजांनी बसवले, आणि त्या खेळाला तेव्हा 'पूना' म्हणत. ज्या गावाने जगाला एक खेळ दिला, त्याने झाडाला थाळी मारत फिरावं?

---

माजी खजिनदार:

काका, पाटीवर चेंडू लिहिलंय. चकतीचा उल्लेख नाही. तुम्हीच मंडळाच्या घटनेचा मसुदा असा वाचायचात.

थट्टा सोडा. उद्यान विभागाला आम्ही अर्ज दिला होता: रविवारी सकाळी, कायमचं काही बांधणार नाही, झाडाला इजा करणार नाही, फुलझाडांच्या वाफ्यात डिस्क गेली तर माळीच काढून देईल. वाफ्यातली अट माळ्याने घातली आणि ती सगळ्यात चांगली आहे. आतापर्यंत एकाही शेवंतीवर पाय पडलेला नाही. हिरवळीवर चालण्याबद्दल म्हणाल, तर तिथे योगवर्गाच्या सतरंज्या रोज पसरतात. आम्ही त्यांचा शवासनाचा वेळ सोडून खेळतो. आणि इंग्रजांचा खेळ आपला झाला, तर हाही होईल.

---

पिकनिक समितीतली मी:

खजिनदारकाका, एक शंका. धाकटी डावखुरी आहे. तिची बॅकहँड उजवीकडे वळते, म्हणजे ट्रॅकवरच ना? आणि पहाटे दव असेल तर प्लास्टिक घसरतं, तिची पकड आधीच नाजूक आहे.

---

माजी खजिनदार:

बरोबर पकडलंस. डावखुऱ्यांची बॅकहँड आमच्या बागेत चालत नाही. तिला फोरहँड शिकव: तळवा पुढे, दोन बोटं आतल्या कडेला, मनगटाचा झटका, हात फार मागे न्यायचा नाही. डाव्या हाताची फोरहँड डावीकडेच वळते, म्हणजे हिरवळीत. कोर्सवर मोठी माणसं धावत येऊन फेकतात ते तिला दाखवू नकोस, उभ्यानेच शिकव. पहिले काही दिवस डिस्क डुगडुगेल. फिरकी कमी पडते म्हणून डुगडुगते, जोर कमी पडतो म्हणून नव्हे; हे मुलांना समजावलं नाही तर ती आणखी जोर लावतात आणि खांदा दुखवून घेतात.

दव असतंच. डिसेंबरात सूर्य वर यायला सात वाजतात, त्यानंतरही गवत बराच वेळ ओलं. मायक्रोफायबरचं काही आणू नकोस, आजोबांचा जुना पंचा कमरेला खोच. प्रत्येक फेकीआधी डिस्क नि हात दोन्ही पुसायचे. सुती पंचा पाणी चांगलं टिपतो.

साडेसातला या, नळाच्या बाजूच्या फाटकाने. मोठं फाटक हास्यक्लबचं आहे.

---

ज्येष्ठ सभासद, मूळचे सदाशिव पेठ:

जानेवारीपर्यंत मी पुण्यातच आहे. भाच्याचं लग्न आहे.

येऊन बघेन. फेकणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. गुणांची वही मात्र माझ्याकडे द्यावी. पाचव्या होलाआधी सातवं लिहिणाऱ्या माणसाकडे आपण मंडळाचे हिशेब कसे दिले होते, हे आता लक्षात आलं.