पहिलं स्वतःचं गाणं: तुमचं कसं सुरू झालं?

काल भाचीचा फोन आला. अकरावीत आहे, दिवाळीत युकुलेले घेतलं, चार कॉर्ड्स वाजवते. म्हणाली, "मावशी, दुसऱ्यांची गाणी वाजवून झाली, आता स्वतःचं करायचंय. सुरुवात कुठून करतात?"

फोन ठेवला आणि मी थेट १९९७ सालच्या सांगलीच्या हॉस्टेलवर पोचले. रूमवर टेपरेकॉर्डर होता. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची आणि मेसची घंटा व्हायच्या आत गाऊन घ्यायचं. वहीत कविता तयार होती, पेटी येत होती, पण एकही ओळ चालीत बसेना. पहिली ओळ होती 'पाऊस अंगणात थांबून राहिला'. केरवा तालाच्या आठ मात्रा मोजत गायला लागले की पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेमकी 'णा'वर यायची. ऐकणाऱ्याला 'पाऊस अंग' एवढंच कळायचं, मग 'णात'. आठ दिवस मी चालच बदलत बसले.

रूममेट वारकरी घरातली, टाळ धरून वाढलेली. ती म्हणाली, "अगं, गाऊ नकोस. टाळी दे आणि नुसतं बोल." बोलल्यावर लगेच कळलं की चाल बरी आहे, शब्दच जागा सोडून बसलेत. ओळ झाली 'अंगणात या पाऊस उभा'. आठ आणि आठ. 'अं'वर सम, 'पा'वर सम. त्या रात्री आम्ही दोघी ती एकच ओळ किती वेळा गायलो, मोजलं नाही.

तुमचं कसं झालं? शब्द आधी आले की चाल? कुठे अडलात? सगळं भाचीला पाठवणार आहे.

केवडा:
माझी चाल आधी. गिटारवर सी, जी, ए मायनर, एफ हे कॉर्ड्स. त्यात एफ काही केल्या वाजेना, पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं म्हणजे मनगट भरून यायचं. सरांनी एफ मेजर सेव्हन दाखवला, खालच्या चारच तारा, सगळ्यात बारीक तार मोकळी. त्या एका बदलाने गाणं पुढे सरकलं. शब्द नव्हतेच, चालीवर काहीही डमी शब्द गायचे. 'भाजी आण रे, दूध आण रे' वर माझं पहिलं कडवं तयार झालं. खरे शब्द महिन्याने आले. भाचीला सांग, शब्दांसाठी थांबू नकोस.

नदीकाठ:
सांगलीचं म्हणजे विश्रामबागचं हॉस्टेल का?? मी ९९ ला तिथेच होते. मेसची घंटा वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

धागाकर्ती:
@नदीकाठ हो!! खाजगी निरोप पाठवते.

जुनीवही:
शब्द आधी की चाल, हा प्रश्न आमच्या आजीला कधी पडला नाही. ती जात्यावर बसायची, चाल पिढ्यानपिढ्या तीच, शब्द रोजचे. आदल्या दिवशी मामा येऊन गेला की पहाटे ओवीत मामा. गाय व्याली की गाय. मी गोधडीत पडून ऐकायचो. ती गाणी रचतेय हे मला चाळिशीत कळलं, तेव्हा ती नव्हती. पुण्यातल्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. मी तासन् तास ऐकत बसतो, आजीच्या वळणाचा आवाज आला की थांबतो. माझं पहिलं गाणं तिच्याच चालीवर आहे, तिच्यावर. नवशिक्याने आपल्या घरातली चाल घ्यावी आणि कालचा दिवस त्यात घालावा. यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही.

केवडा:
@जुनीवही 🙏 माझी आजी पण. आवाज रेकॉर्ड करून ठेवला नाही याचं फार वाटतं.

ठाय_लय:
घाईत लिहितोय, लोकलमध्ये आहे. वृत्ताची भीती वाटत असेल तर अभंगाचा साचा घ्या. मोठा अभंग, अक्षरं सहा सहा सहा चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. मात्रा मोजायच्या नाहीत, फक्त अक्षरं. आत्ताच केलेला:
पहाटेच्या वेळी
एसटीची वाट
धुक्यामध्ये घाट
दिसेचना
रोज एक करा. महिन्यात कान तयार होतो. ठाणे आलं, उतरतो

शिरवळ:
घाट वाचून आठवलं, वरंधा घाट चालू आहे का सध्या? शनिवारी महाडला जायचंय.

पोफळी:
फोंड्याहून. आमच्याकडे चवथीला आरत्या घुमटावर होतात, म्हणजे तोंडाला कातडं लावलेल्या मातीच्या घड्यासारख्या वाद्यावर. दहावीत असताना मी एका आरतीच्या चालीवर नवे शब्द बसवले, आमच्या वाड्यावरच्या तळ्यावर. काका घुमट वाजवत होते, त्यांनी मान हलवली आणि लय थोडी उतरवली, माझे शब्द ऐकू यावेत म्हणून. एवढंच. पण त्या दिवसापासून मी लिहिते. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, आता बंदी आहे म्हणून बकऱ्याचं लावतात. काका म्हणायचे नाद बदलला. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं तेव्हा ते खूश होते. विषय सोडून गेले, पण काकांबद्दल लिहायचंच होतं.

साखरझोप:
माझा अनुभव कडू आहे. कॉलेजात एकाला चाल ऐकवली, पुढच्या गॅदरिंगला ती त्याच्या नावावर वाजली. मी काही बोलले नाही. नंतर चार वर्षं काही केलंच नाही.

नदीकाठ:
@साखरझोप चार वर्षं! वाचूनच पोटात तुटलं गं. आता करतेस ना?

साखरझोप:
हो. मुलगी झाल्यावर अंगाई केली. आता दर महिन्याला काहीतरी होतं.

वकीलसाहेब:
@साखरझोप वाईट वाटलं. सगळ्यांसाठी सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल हे दोन वेगळे हक्क आहेत, ज्याचं जे त्याचं. नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं की हक्क सुरू, आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. फोनवर गाऊन रेकॉर्ड करा आणि ती फाइल स्वतःलाच ईमेल करून ठेवा, तारीख राहते. मगच ऐकवा, पण ऐकवा जरूर.

दूरदेशी:
एडिनबरा. फ्लॅटच्या भिंती पातळ, म्हणून मी कार पार्किंगमध्ये बसून चाली करते. काचा बंद, तानपुऱ्याचं ॲप चालू. इथे इतकी वर्षं राहून मराठीत लिहिताना एक कळलं, वरच्या सुरावर 'ई' किंवा 'ऊ' आला की माझा गळा आवळतो, 'आ' आणि 'ओ' मोकळे जातात. मुखड्यात वर जाणारी जागा 'तुझी' वर येत होती. 'तुझा' केलं, त्यासाठी 'आठवण' जाऊन 'आठव' आला. गाणं उघडलं. भाचीने प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर वर लांबवून बघावं.

ठाय_लय:
@दूरदेशी हे सोन्यासारखं सांगितलंत. जोडाक्षरावर पण लांब सूर नको. 'स्पष्ट' वर थांबून बघा.

जुनीवही:
@शिरवळ निघायच्या आधी महाडला कुणाला तरी फोन करून विचारा, पावसाळ्यात दरडी येतात.

धागाकर्ती:
स्वयंपाक करता करता सगळं वाचलं, आजीचं दोनदा. भाचीला पाठवलंय. तिचा आत्ताच व्हॉइस मेसेज आला, वीस सेकंदांचा, एकच ओळ, मागे कुकरची शिट्टी. ओळ तिची आहे, इथे टाकत नाही. शेवटचं अक्षर 'आ' आहे.

दूरदेशी:
❤️ पट्टी कोणती?

धागाकर्ती:
काळी चार वाटतेय. जेवणं झाली की पेटी काढून बघते.